टाळू

सोहारच्या शाळेत तिसरीच्या मराठीला
अकरा मुलं, अकरा टॅब,
त्यातले दोन चार्ज होत नाहीत म्हणून
खरं तर नऊ.
तास शेवटचा. बाहेर बस इंजिन चालू ठेवून उभ्या,
एसी बंद केला तर ड्रायव्हर वितळतील
अशी सप्टेंबरची दुपार.

नवं अ‍ॅप आलंय. शब्द दाखवतं, मूल वाचतं,
बरोबर आलं की तारा देतं
आणि वर एक पोपट टाळ्या पिटतो.
पोपटाला हात कुठून आले,
हे केतकीनं पहिल्याच दिवशी विचारलं.
मी म्हटलं, कंपनीकडून.

त्या दिवशी शब्द आला वाळू.
खिडकीबाहेर तीच, मैदानभर,
बुटांत, डब्याच्या झाकणात, चार्जरच्या भोकात.
अन्वित धुमाळनं वाचलं, वाळू.
पोपट गप्प.
परत वाचलं, वाळू.
पुन्हा प्रयत्न कर, म्हणाली आतली बाई,
जिला मी कधी पाहिलेलं नाही
आणि जी माझ्या तासाला माझ्यापेक्षा जास्त बोलते.

शर्वरी शहाणी. म्हणाली, वालू म्हण रे.
तो म्हणेना, मग तीच म्हणाली.
तारा.
मग लाटच आली.
वालू, शाला, डोले, कावला,
तारे, तारे,
पोपटाचे हात दुखेपर्यंत तारे.
मी मधल्या रांगेत, हातात रिमोट,
आणि माझं माहेरचं इंगळे
घशातल्या घशात इंगले होत चाललेलं.

अन्वितच्या खात्यात शून्य.
त्याचे बाबा बंदरात क्रेन चालवतात.
हा शाळेत असतो तेव्हा ते झोपलेले,
हा झोपतो तेव्हा ते कंटेनर उचलतात.
फोनमध्ये एकमेकांसाठी आवाज ठेवून जातात दोघं.
बस लागायच्या आधी त्यानं मला हळूच विचारलं,
बाई, मग बाबा आमचं नाव चुकीचं सांगतात का?

तक्रार लिहिली. दोन दिवसांनी बिनीश आला,
वडकराचा, गळ्यात ओळखपत्र, केसांना खोबरेल.
केबल काढली, लावली, पुन्हा काढली.
मग स्वतःच माइकपुढे वाकला
आणि म्हणाला, मराठीचा गंध नसलेला माणूस,
वाळू.
असा भरलेला ळ, जीभ पार मागे नेऊन,
जसा फक्त घरातल्या घरात म्हणतात.
पोपट गप्प.
बिनीशलाही शून्य!
वर्ग बाकांवर आडवा झाला हसून.
अन्वित सगळ्यात शेवटी हसला, पण सगळ्यात जास्त.

आमच्याकडे शाळा म्हणजे पळ्ळिक्कूडम, बिनीश म्हणाला,
पाणी म्हणजे वेळ्ळम.
हे अक्षर तर आमचं आहे, टीचर,
तुमच्याकडे कसं आलं?

मला उत्तर येत नव्हतं.
मी म्हटलं, अ‍ॅप बंद करा सगळे.
कॅमेरा उघडा. पुढचा, स्वतःचं तोंड दिसतं तो.
आता आ करा. अजून मोठा.
जिभेनं टाळू शोधा,
दात सोडून मागे, अजून मागे,
खरखरीत संपून गुळगुळीत लागेल
तिथं टोक टेकवा,
आणि आता सोडा.

नऊ पडद्यांवर अकरा तोंडं,
पडलेले दात, अर्धे आलेले दात,
मधल्या सुट्टीतल्या गोळ्यांनी जांभळ्या झालेल्या जिभा,
आणि कुणाची तरी पडजीभ
भलतीच गंभीर.
बाई, ती आत कोलांटी मारते, केतकी ओरडली.
दारात बिनीश आपला फोन तोंडापुढे धरून
स्वतःचा ळ बघत उभा.
आमची बस चुकता चुकता राहिली.

रात्री मेल येतो, आपोआप.
आजची वर्गप्रगती, शून्य तारे.
कॅमेऱ्याचा वापर, बावीस मिनिटं.
खाली एक चौकोन, कारण लिहा.
मी लिहिलं, टाळू,
आणि त्यानं लगेच
त्याखाली लाल रेघ ओढली.